मुलीच्या हृदयाला छिद्र, फुप्फुसाचं प्रेशर वाढलंय. आतली ‘सूज’ उतरवायचं औषध असतं का?

कुर्डुवाडीकर
१४ जानेवारी, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे मोबाईल दुरुस्तीच्या धाग्यांवर असतो, आज वेगळ्याच कामाला आलोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मुलगी सात महिन्यांची, घरी चिऊ म्हणतो. जन्मली तेव्हा २ किलो ६००, आज ४ किलो ९००. दुसऱ्या महिन्यापासून दूध ओढताना धाप लागायची आणि कपाळाला एवढा घाम की बायकोचा दंड ओला व्हायचा. आई म्हणायची अंगात उष्णता आहे, आम्हीही तेच धरून चाललो. मग अंगणवाडीत तपासणीचं पथक आलं. त्यातल्या मॅडमनी चिऊच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. तिथेच माझ्या पोटात गोळा आला.

सोलापूरला इको केला. रिपोर्टमध्ये लिहिलंय: मोठा व्हीएसडी (खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र), ९ मिमी, डावीकडून उजवीकडे, ग्रेडियंट (दोन कप्प्यांच्या दाबातला फरक) १८, सिव्हिअर पीएएच, म्हणजे फुप्फुसाच्या धमन्यांचं प्रेशर खूप वाढलेलं. लॅसिक्स, अल्डॅक्टोन (दोन्ही लघवीवाटे जादा पाणी काढायची) आणि सिल्डेनाफिल (तेच व्हायग्रातलं) चालू झालं. सिल्डेनाफिलची चिठ्ठी बघून मेडिकलवाला गालात हसला. सात महिन्यांच्या लेकरासाठी आहे म्हटल्यावर गप्प झाला.

दिवाळीत एकदा आणि डिसेंबरात एकदा न्यूमोनिया झाला, दोन्ही वेळा अॅडमिट. पुण्यात ९ जानेवारीला ऑपरेशन ठरलं होतं. आदल्या रात्री ताप आला, रक्तातली सूज दाखवणारा सीआरपी ३८, एक्स-रेत डाग. त्यांनी औषध देऊन परत पाठवलं, म्हणाले चार आठवड्यांनी या.

आता खरा प्रश्न. माझे मेव्हणे औषध कंपनीत एमआर आहेत. त्यांनी कुठेतरी वाचलंय की फुप्फुसाचं प्रेशर वाढतं त्यात आतल्या सुजेचा मोठा हात असतो. त्यांचं म्हणणं, मग सूज उतरवली की प्रेशर उतरेल, छिद्रं तर बऱ्याचदा आपोआप बुजतात, एवढ्याशा लेकराची छाती कशाला फाडायची? बायको एका बाजूला, मेव्हणे एका बाजूला, मी मधे. सीआरपी ३८ म्हणजे हीच ती सूज का? तिच्यावर औषध आहे का? आणि गेल्या चार दिवसांत घाम जरा कमी झालाय, हे चांगलं लक्षण समजायचं ना?

रानवाट
१५ जानेवारी, सकाळी ६:१५

माझ्या पुतण्याचं छिद्र दीड वर्षात आपोआप बुजलं, काहीही केलं नाही. रोज चिमूटभर हळद दुधातून द्या, सुजेवर हळदीसारखं दुसरं काही नाही. देव बरं करेल.

तालुक्याचा डॉक्टर
१५ जानेवारी, दुपारी २:३०

ओपीडी संपली, आता निवांत लिहितो. बालरोगतज्ज्ञ आहे, हृदयाचा स्पेशालिस्ट नाही. पण अशी लेकरं आधी आमच्याच टेबलावर येतात.

रानवाट, तुमच्या पुतण्याचं बुजलं यात आनंद आहे. स्नायूच्या भागातली दोन-तीन मिलिमीटरची छिद्रं पुष्कळदा बुजतात. चिऊचं नऊ मिलिमीटर आहे. पाच किलोच्या बाळाच्या महारोहिणीचं तोंडच साधारण तेवढं असतं. दोन्ही छिद्रांना एकच नाव आहे म्हणून ती सारखी होत नाहीत. आणि हळद सात महिन्यांच्या बाळाला दुधातून नको. पोटभर दूध पिणंच तिला जमत नाहीये.

कुर्डुवाडीकर, आधी तो १८ चा आकडा समजून घ्या, कारण लोक तो नेमका उलटा वाचतात. चिऊचं वरचं बीपी ८५ धरू. डाव्या कप्प्यात ८५, आणि छिद्रातून पलीकडे जाताना फरक पडतो फक्त १८ चा. म्हणजे उजव्या कप्प्यात ६७. तिथे पंचविसाच्या आसपास हवं. छिद्र लहान असतं तर फरक ६० दिसला असता. ग्रेडियंट कमी आला म्हणून पेढे वाटलेले पालक मी पाहिलेत.

आता सूज. तुमच्या मेव्हण्यांचं वाचन बरोबर आहे, त्यावरून काढलेला अर्थ चुकलाय. तुमच्याकडे उजनीचा कालवा आहे. पाणी मापात असलं की अस्तर वर्षानुवर्षं टिकतं, सतत जोर लागला की उखडायला लागतं. फुप्फुसाच्या धमन्यांचं तसंच, फक्त इथलं अस्तर जिवंत असतं. शरीराला जायचं रक्त छिद्रातून पुन्हा फुप्फुसात जातं, कधी दुप्पट, कधी तिप्पट, तेही चढ्या दाबाने. तो मारा सोसवेना झाला की अस्तराच्या पेशी पांढऱ्या पेशींना चिकटायला जणू खुंट्या बाहेर काढतात, इंटरल्युकिन-६ सारखी रसायनं सोडतात. नळी सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड कमी होतं, आवळणारं एन्डोथेलिन वाढतं. हळूहळू स्नायूचा थर जाड होतो, आणि ज्या बारीक नळ्यांत स्नायू नसायलाच हवा तिथेही तो शिरतो. अशा मुलांच्या रक्तात ही रसायनं वाढलेली सापडतात, हे खरं आहे.

पण सुरुवात कुठून झाली? छिद्रातून. ते उघडं ठेवून सुजेवर औषध देणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. बाहेर हे करून पाहिलेलंही आहे. इंटरल्युकिन-६ ला अडवणारं टोसिलिझुमॅब फुप्फुसाचं प्रेशर वाढलेल्या प्रौढांना दिलं, तरी नळ्यांमधला रोध काही कमी झाला नाही. ल्युपससारख्या आजारातून प्रेशर वाढलेलं असेल तर तिथे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं उपयोगी पडतात, पण ती गोष्टच वेगळी. तिथे सूज हेच मूळ असतं.

सीआरपी ३८ हा न्यूमोनियाचा आकडा. सीआरपी यकृतात बनतं, अंगात कुठेही मोठा संसर्ग झाला की चढतं. धमनीच्या अस्तरात जे चाललंय ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसायच्या मापाचं, त्यासाठी सीआरपी मोजून काही कळत नाही. या दोन सुजा तुमच्या घरात एकीत एक मिसळल्या आहेत, त्या वेगळ्या करा. निम्मं भांडण मिटेल.

घाम कमी झाला म्हणताय. लॅसिक्सचा डोस वाढवलाय का?

अनूची आई
१५ जानेवारी, रात्री ९:०५

दादा, आम्ही नाशिकचे. अनूला आठ मिमीचा व्हीएसडी होता, साडेपाचव्या महिन्यात ऑपरेशन झालं, आता पहिलीत आहे आणि शाळेतून तक्रारी येतात की बाकावर उभी राहते.

डॉक्टरांनी सगळं सांगितलंय, मी फक्त चार आठवडे कसे काढायचे ते सांगते. अंगावर पाजायला अर्ध्या तासाच्या वर लावू नका. ओढण्यातच सगळी ताकद जाते, वजन कुठून वाढणार? आम्ही वीस मिनिटं अंगावर, उरलेलं काढून वाटी-चमच्याने, आणि शेवटचे काही आठवडे नाकातल्या नळीने द्यायचो. नळी बघून सासूबाई रडल्या होत्या, पण पंधरा दिवसांत ३०० ग्रॅम वाढलं तेव्हा त्याच नळी धुवायला पुढे. दुधात काय मिसळून ताकद वाढवायची ते हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञांना विचारा, मनाने नको. वरचं पाणीही पाजू नका.

घरात सर्दी झालेल्या माणसाने तिला घ्यायचं नाही, आजोबा असोत की मामा. चूल, उदबत्ती, बिडी बंद. आम्ही दाराला कागद चिकटवला होता, नातेवाईक रुसले. फ्लूची लस सहा महिन्यांनंतर देता येते, घरातल्या मोठ्यांनीही घ्या. न्यूमोनियाची पीसीव्ही झालीय का ते कार्डावर बघा.

पैशांचं काय केलंत? अंगणवाडीच्या पथकाने पाठवलंय म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात नाव असेल, आणि महात्मा फुले योजनेतही हे ऑपरेशन बसतं. सिव्हिलच्या डीईआयसीत (लहान मुलांचे दोष लवकर शोधून उपचार करायचं केंद्र) जाऊन फाईल फिरते आहे ना याची खात्री करा. आमची फाईल एका सहीसाठी नऊ दिवस पडून होती, मी जाऊन टेबलासमोर बसले तेव्हा हलली.

पंपवाली
१६ जानेवारी, रात्री १:२०

ड्यूटीवरून आले, झोप नाही, म्हणून लिहिते. मी परफ्युजनिस्ट आहे, म्हणजे ऑपरेशन चालू असताना हार्ट-लंग मशीन चालवते. ताप आला म्हणून परत पाठवल्याचा राग तुमच्या लिहिण्यात दिसला नाही, पण घरात कुणाला आला असेल तर हे वाचून दाखवा.

पाच किलोच्या बाळात रक्त किती? चारशे मिली. माझ्या सर्किटच्या नळ्या आणि ऑक्सिजनेटर भरायलाच अडीच-तीनशे मिली लागतं. एवढ्या मोठ्या प्लास्टिकच्या पृष्ठभागावरून बाळाचं सगळं रक्त फिरतं. शरीराला ते परकं वाटतं, प्रतिकाराची सगळी फौज जागी होते. शिवाय मशीन चालू असताना हृदयाकडून फुप्फुसात जाणारा मुख्य प्रवाह जवळजवळ थांबतो, आणि शेवटी पुन्हा एकदम सुरू होतो. त्या धक्क्यानेही धमन्यांचं अस्तर सुजतं. म्हणजे ज्या सुजेची तुम्हाला काळजी आहे तिची एक मोठी लाट आम्हीच आणतो, ऑपरेशन करून. त्यात आधीच न्यूमोनियाने फुप्फुसं भडकलेली असली तर पहिल्या दोन-तीन रात्री वाईट जातात. म्हणून थांबवलं.

त्या रात्रींत ज्याला सगळे भितात त्याला आम्ही नुसतं ‘क्रायसिस’ म्हणतो. फुप्फुसाच्या धमन्या एकदम आवळतात, तिथलं प्रेशर शरीराच्या बीपीला गाठतं, पुढे रक्तच जात नाही आणि सॅच्युरेशन धाडकन पडतं. घशातला कफ ओढण्याएवढं निमित्तही पुरतं. म्हणून अशा बाळांना झोपेत ठेवतात, ऑक्सिजन वाढवतात, व्हेंटिलेटरमधून नायट्रिक ऑक्साइड वायू देतात. तो बंद करताना प्रेशर उसळी मारू शकतं, तेव्हा सिल्डेनाफिल आधाराला येतं. आयसीयूत चिऊ हलत नाही म्हणून घाबरू नका, तिला मुद्दाम झोपवलेलं असेल.

स्टेरॉइडबद्दल. मशीनची सूज दाबायला ऑपरेशनच्या आधी मिथाइलप्रेडनिसोलोन द्यायची पद्धत पुष्कळ ठिकाणी होती, मीही वर्षानुवर्षं पाहिलीय. अमेरिकेत वर्षाच्या आतल्या बाराशेहून जास्त बाळांवर ते नीट तपासलं, २०२२ मध्ये निकाल आला. ठरवलेल्या मुख्य निकषावर ठळक फायदा दिसला नाही, साखर मात्र जास्त बाळांची वाढली. आता टीम टीमप्रमाणे ठरवतात. मशीन काढल्यावर रक्तातलं जादा पाणी आणि त्याबरोबर काही रसायनं गाळून काढतात, ते काम माझं. बाळाचा सुजलेला चेहरा उतरताना बघणं हा या नोकरीतला माझा आवडता भाग आहे.

निळी नखं
१६ जानेवारी, सकाळी ११:००

मी या धाग्यावर लिहावं की नाही, दोन दिवस विचार केला. कुर्डुवाडीकर, तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे लिहितोय, घाम कमी झाल्याच्या.

माझा जन्म १९८६ चा, सिंधुदुर्गातल्या एका वाडीतला. व्हीएसडी, मोठा. पाचव्या वर्षापर्यंत वर्षातून चारदा छाती भरायची. डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितलं होतं. भाताची कापणी, मग बहिणीचं लग्न, मग पाऊस, असं करत राहिलं. आणि सहाव्या वर्षी मी बरा झालो. खोकला थांबला, घाम थांबला, अंग धरलं. आईने गावच्या देवीचा नवस फेडला, कोंबडा दिला. छिद्र बुजलं असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं, मुंबई राहिली.

छिद्र तसंच होतं. धमन्या आतून इतक्या जाड झाल्या होत्या की फुप्फुसात जादा रक्त जायचंच बंद झालं, म्हणून खोकला थांबला. दहाव्या वर्षी शाळेत कबड्डी खेळताना ओठ निळे पडले. बाराव्या वर्षी मुंबईत कॅथ झाली, म्हणजे रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत बारीक नळी नेऊन आतला दाब मोजला. रोध इतका चढला होता की ऑक्सिजन देऊनही उतरेना. आता रक्त उजवीकडून डावीकडे जातं. छिद्र बुजवता येत नाही, कारण उजव्या कप्प्याला दाब सोडायला तेवढी एकच वाट उरलीय.

याला आयझेनमेंगर म्हणतात. व्हिक्टर आयझेनमेंगर नावाच्या ऑस्ट्रियन डॉक्टरने १८९७ मध्ये असा एक रुग्ण लिहून ठेवला, तो ३२ वर्षांचा होता. मी त्याला मागे टाकलंय. आजाराला हे नाव पॉल वूड यांनी १९५८ मध्ये दिलं, आणि रोध मोजतात ते वूड युनिट त्यांच्याच नावाचं. चिऊच्या फायलीतही कुठेतरी तो शब्द येईल.

घरून डीटीपीचं काम करतो. बोसेन्टन आणि टाडालाफिल घेतो, यकृताची तपासणी ठरल्या वेळी करतो. सॅच्युरेशन ८२. एक जिना चढायला मधे एकदा थांबतो. वाईट चाललंय असं नाही. पण तुमच्या मेव्हण्यांना माझा नंबर हवा असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, मी बोलेन त्यांच्याशी.

कुर्डुवाडीकर
१६ जानेवारी, रात्री १०:५०

वाचून बायकोला दिलं. तिने आईला वाचून दाखवलं. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग उठून उदबत्तीचा पुडा आतल्या कपाटात ठेवला.

डॉक्टर, हो, लॅसिक्स वाढवलंय, सकाळ-संध्याकाळ होतं ते तीनदा केलं. निळी नखं, तुमचं वाचल्यापासून धास्ती बसलीय. चिऊच्या धमन्याही तशा झाल्या असतील तर? सॅच्युरेशन ९६ दाखवतं.

तालुक्याचा डॉक्टर
१६ जानेवारी, रात्री ११:३०

मग घामाचं उत्तर बहुतेक लॅसिक्समध्येच आहे. निळी नखं यांनी सांगितलं ते चार दिवसांत घडत नाही, त्याला वर्षं लागतात. तरी पुण्याला फोन करून हे सांगा, ठरवायचं त्यांनी.

९६ असेल, धाप असेल, एक्स-रेत हृदय मोठं असेल, वजन वाढत नसेल, तर याचा अर्थ रक्त अजून फुप्फुसाकडे धो धो जातंय. ऐकायला विचित्र वाटेल, पण धापा टाकणारं बाळ मला कमी भीतिदायक वाटतं. न धापणारं, जरासं निळसर, मोठं छिद्र असलेलं चार वर्षांचं मूल समोर आलं की माझा हात थंड पडतो. हीथ आणि एडवर्ड्स या दोघांनी १९५८ मध्ये या धमन्यांच्या बिघाडाच्या सहा पायऱ्या मांडल्या. पहिल्या दोन, बहुधा तिसरीवरूनही छिद्र बुजवलं तर मागे येता येतं. चौथीपासून पुढे वाट बंद होत जाते. वर्षाच्या आतलं बाळ सहसा खालच्या पायऱ्यांवर असतं, म्हणून बऱ्याचदा कॅथशिवायच थेट ऑपरेशन करतात. शंका असेल तर कॅथ. रोध ४ वूड युनिटच्या खाली असेल तर मोकळेपणाने बुजवतात, ८ च्या वर असेल तर नाही, मधल्यांवर डोकी खाजवतात.

चार आठवड्यांत पुन्हा सर्दी झाली तर ‘आणखी महिनाभर थांबू’ असं घरच्या घरी ठरवू नका. काही लेकरांची छाती छिद्र बुजेपर्यंत कोरडी होतच नाही. तेव्हा ऑपरेशनला कधी घ्यायचं ते सर्जन ठरवतात.

मीनल_वर्धा
१७ जानेवारी, दुपारी १२:१०

मधेच विचारते, क्षमस्व. भाच्याला डाऊन सिंड्रोम आहे, दोन महिन्यांचा. हृदय तपासायला सांगितलंय, पण दूध छान पितो. थांबलं तर चालेल?

तालुक्याचा डॉक्टर
१७ जानेवारी, दुपारी २:४५

नाही. डाऊनच्या जवळजवळ निम्म्या बाळांना हृदयाचा दोष असतो आणि त्यांच्या धमन्या इतरांपेक्षा लवकर बिघडतात. दूध छान पितो ही गोष्ट त्यांच्यात फसवी ठरू शकते. इको याच आठवड्यात. मोठं छिद्र निघालं तर साधारण सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन धरतात.

कुर्डुवाडीकर
२३ फेब्रुवारी, रात्री ९:१५

मंडळी, धागा वर काढतोय.

मधे एकदा नाक वाहिलं होतं, ताप नव्हता. फोन केला, या म्हणाले. ५ तारखेला सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेलो, मेव्हणे बरोबर. कॅथ लागली नाही. ७ तारखेला ऑपरेशन. तिच्याच हृदयावरच्या पातळ आवरणाचा तुकडा कापून त्याचं ठिगळ लावलं असं सर्जननी सांगितलं. शर्टाला लावतात तसं, मेव्हणे म्हणाले, आणि बाहेर जाऊन रडले.

पहिल्या रात्री दोन वाजता कफ ओढताना प्रेशर चढलं. पंपवाली ताई, तुम्ही लिहिलं नसतं तर मी तिथे कोसळलो असतो. काचेतून दिसत होतं, सिस्टर हाताने फुगा दाबत होत्या, दुसऱ्या सिलिंडरची चावी फिरवत होत्या. मी बायकोला म्हटलं, हा क्रायसिस आहे, हे असं होतं. ती म्हणाली, तुला कसं माहीत? दहा-बारा मिनिटांत उतरलं. नायट्रिक तिसऱ्या दिवशी बंद केलं, चौथ्या दिवशी व्हेंटिलेटर.

आज वजन ५ किलो ४००. एका बाजूला वीस मिनिटांत पिऊन झोपली, बायकोचा दंड कोरडा. इकोत प्रेशर उतरलंय, पूर्ण नाही. सिल्डेनाफिल तीन महिने चालू ठेवायचंय, मग पुन्हा इको.

हॉस्पिटलने गोळीच्या मापून पुड्या करून दिल्यात, त्या १० मार्चपर्यंत पुरतील. पुढे कुर्डुवाडीत कोण करून देणार, हा प्रश्न आहे. सोलापुरात कुणाला ठाऊक असेल तर सांगा.

अनूची आई
२३ फेब्रुवारी, रात्री ९:४०

तिथेच पुढच्या तीन महिन्यांच्या मागून घ्या दादा, कुरिअरने पाठवतात का विचारा. आम्हाला पाठवायचे. घरी गोळीचे तुकडे करू नका, माप चुकतं. आणि चिऊचा फोटो टाका, चेहरा नको, पाय चालतील.